राखेतली तार

मी दुसरीपर्यंत शिकलो. अक्षर वाचायला मला वेळ लागतो, पण राख मी झटक्यात वाचतो. चाळीस वर्षं हळद शिजवली, माझी आणि आसपासच्या पाच-सात गावांची. काहिलीखालच्या चुलाणातली राख बघून मी सांगायचो, जाळ सारखा लागला का नाही, पाला ओला होता का, राखणदारानं मधेच डुलकी काढली का. कधी चुकलो नाही. म्हणून बायको गेली तेव्हा तिची राख सावडायला मी दुसऱ्या कोणाला पुढं होऊ दिलं नाही. पोटी मुलगा नव्हता, अग्नीही मीच दिला होता.

त्या राखेत मला एक तार सापडली, आणि तिच्यापायी माझ्या भावजयीच्या जिवावर बेतलं. गावाला यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं मी गावाला खोटं सांगितलं होतं. ते आता खरं लिहून ठेवतो.

आम्हा दोघा भावांची घरं एकमेकांना लागून. अंगण एक, तुळस एक, जातं एक. थोरला भाऊ लवकर गेला. त्याच्या मागं वैनी आणि तिचा एक मुलगा. माझ्या घरात दोन मुली, आणि तिसरी झाली तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आपला जिल्हा तेव्हा परभणी.

तिसऱ्या खेपेला सुईणीनं हात टेकले. बायकोला बैलगाडीत घालून कळमनुरीच्या दवाखान्यात नेलं. वैनी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाडीत कडबा अंथरला होता आणि त्यातून रक्त रस्त्यावर ठिबकत होतं. भर दुपारची वेळ, रस्त्यावर माणूस नाही. मागं वळून बघितलं तर चार कुत्री गाडीमागून चालत येत होती. भुंकत नव्हती. नुसती चालत होती, मयताच्या मागं माणसं चालतात तशी. मी चाबूक उगारला तरी हटली नाहीत.

ती वाचली. दीड महिन्यानं उपकेंद्राची नर्सबाई घरी आली. मी अंगणात वाळलेली हळद पोत्यात भरत होतो.

"दादा, आता बास करा," ती म्हणाली. "चौथ्याला ही वाचत नसते. कॅम्प हाय पुढच्या हप्त्यात. हिचं ऑपरेशन करून घ्या. न्हाईतर तुमचं करा, बाप्याचं सोपं असतंय, चालत जायचं अन् चालत यायचं."

"मी काय बैल हाय खच्ची करायला?" मी म्हणलो. "आन् हिच्या अंगाला हात लावला तर तुमची जीप गावात येऊ देत न्हाई. मला पोरगा पायजे."

"अन् ही मेली म्हंजे?"

"मेली तर माझी मरंल. तुमची काय तकलीफ?"

हे मी बोललो. बायको उंबऱ्यात बसून लेकराला पाजत होती, तिच्या देखत बोललो. तिनं मान वर केली नाही. वैनी दाराआड उभी होती. नर्सबाईनं एकदा वैनीकडं बघितलं आणि गेली.

त्या लोकांवर माझा राग जुना होता. मी शेतात असताना माझ्या घराच्या दर्शनी भिंतीवर ते कुटुंब नियोजनाचा लाल तिकोण रंगवून गेले होते. मला न विचारता. अजूनही मी म्हणतो, माझी भिंत होती, विचारायला पाहिजे होतं. मी त्यावर चुना मारला. पावसाळ्यात तो परत वर आला. दर दिवाळीला मी चुना मारायचो आणि दर श्रावणात ओल धरली की तो उमटायचा, आधी एक कोपरा, मग कड, मग सगळा. गेरू चुन्यातून वर येतो हे मला समजतं. पण ओल्या भिंतीवर तो हळूहळू चढताना बघितला की वाटायचं, भिंतीच्या आत कोणी बसून रंगवून राहिलंय.

मग वर्षं गेली. दोन, तीन, चार. बायकोला दिवस राहिले नाहीत. बाई तरणी, अंगानं बरी, महिन्याचं महिन्याला बराबर, आणि कूस मात्र गप्प. वैनीचा मुलगा मोठा होत होता. भावकीतले लोक पारावर हसायचे, "काय दाजी, सगळी जमीन पुतण्यालाच का?" मी हसण्यावारी नेत होतो, पण घरी आल्यावर जेवण जात नव्हतं.

दवाखान्याशी मी वैर धरलेलं, म्हणून तिला भगताकडं नेलं. पलीकडच्या गावाच्या शिवेवर देवीचं ठाणं होतं. अमावस्येला, भर बाराच्या उन्हात, तिथं बायकांच्या अंगात यायचं. हलगी वाजत होती. भगतानं हिला पुढं बसवली, केस सोडले, लिंबाचा डहाळा तोंडावरून फिरवला. बराच वेळ ती दगडासारखी बसून राहिली. मग घुमायला लागली.

"कोन हाईस तू?" भगत ओरडला. "ह्या घरात पोरगा काहून येऊन न्हाई राहिला? बोल!"

तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी वीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. हलगी चालू असूनही मला स्पष्ट ऐकू आला, जसा काही माझ्या कानातूनच निघाला.

"वाट बघू नको," तो आवाज म्हणाला. "दार आतून लावलंय."

"कोनी लावलं?"

ती हसली. डोळे उघडे, माझ्याकडं. आणि पडली.

भगत मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरातल्याच बाईचं काम हाय हे. तुमच्या वाईटावर कोन हाय घरात, तुमीच बघा."

घरात दुसरी बाई एकच होती. मी सगळं जुळवलं. तिला मुलगा, मला नाही. मला झाला नाही तर जमीन तिच्या मुलाची. घरी आल्याआल्या अंगणात उभा राहून मी ओरडलो, शेजारपाजाऱ्यांनी ऐकावं म्हणूनच ओरडलो. चेटकीण म्हणलो. वैनी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या बायकोकडं बघितलं, बराच वेळ. बायकोनं मान हलवली, नाही म्हणतात तशी. मी समजलो, ती मला सांगून राहिली की ओरडू नका.

वैनीनं हात धुतले आणि एवढंच म्हणाली, "तुमचं समाधान होत आसंल तर म्हणा, भाऊजी."

दुसऱ्या दिवशीपासून मी अंगणात भिंत घालायला घेतली. दगड मी आणले, चिखल मी तुडवला, गवंडी लावला नाही. पुरुषभर उंच, मधे दार नाही. ती भिंत दर्शनी भिंतीला बरोबर त्या तिकोणावर जाऊन भिडली. अर्धा तिकोण माझ्याकडं, अर्धा तिच्याकडं. जातं माझ्या बाजूला आलं, तुळस तिच्या.

माझ्या एका शब्दानं गावानं ते नाव उचललं. हळदीकुंकवाला तर विधवा म्हणून तिला बोलावत नव्हतेच, आता बारशालाही बोलावीनात. बाळंतिणीच्या घरावरून ती चालली की दारं लागायची. कोणा एकीचं लेकरू तापलं तरी दोष हिच्यावर. तिचा मुलगा कामाला म्हणून पुण्याकडं गेला तो सणालाही येईना. हे सगळं मी भिंतीच्या अलीकडून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं.

पण भिंत झाल्यापासून माझ्या घरात दुसरंच सुरू झालं. दुपारी शेतातून अवचित आलो की दोन बायका बोलताना ऐकू यायच्या. दबक्या आवाजात, मधेच एखादं हसू. दारात पाऊल टाकलं की गप्प. अंगणात बघावं तर बायको एकटी, जात्यापाशी भिंतीला पाठ लावून बसलेली, पुढं सुपात डाळ.

"कोनाशी बोलत होतीस?"

"कोनाशी न्हाई बाई. गानं म्हणत होते."

मी घर धुंडायचो. माळा, बाळंतिणीची खोली, हळदीची कणगी. कोणी नाही. एकदा चपला हातात घेऊन अनवाणी आलो आणि दाराबाहेर उभा राहिलो. बायको म्हणाली, "पायाला गोळे येतेत." थोडा वेळ गेला. आणि दुसरा आवाज, जमिनीतून यावा तसा खालून, म्हणाला, "तेल लावत जा." मी आत न जाता तसाच शेतात परतलो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिलो. मला पक्कं वाटलं की वैनीनं जे धाडलं ते आता माझ्या घरात राहतंय आणि माझी बायको त्याच्याशी बोलते. कोणाला सांगितलं नाही. माझ्या घरात भूत आहे हे सांगायला मला लाज वाटत होती.

अशी बारा वर्षं गेली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला. थोरल्या दोघींची लग्नं झाली.

आणि बायकोला कावीळ झाली. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. डोळे असे पिवळे, जसं उकडलेलं हळकुंड मोडावं. आधी झाडपाला, मग नांदेड, मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. हळदीच्या खोलीत गारवा असतो म्हणून तिथं निजवली. शेवटच्या दुपारी तिनं माझं मनगट धरलं.

"अक्काला बोलवा," ती म्हणाली. वैनीला ती अक्का म्हणायची.

"तिचं नाव काढू नको."

"आवं, एकदा. तुमाला एक सांगायचं हाय, पर अक्कासमोर."

"मला काय सांगायचं ते सांग. ती चेटकीण ह्या घरात येत नसते."

तिनं मनगट सोडलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. ते परत माझ्याकडं वळलं नाही. आम्ही तिला उचलली तेव्हा भिंतीच्या पलीकडून तीनदा ठोकल्याचा आवाज आला. ठक, ठक, ठक. खांदेकरी थांबले. मी म्हणलो, "चला."

आमच्याकडं माणूस जिथं जातो तिथं पीठ पसरून, शेजारी दिवा ठेवून, वर पाटी झाकतात. तिसऱ्या दिवशी पाटी उचलून बघतात, पिठावर कशाचं पाऊल उमटलं. पक्ष्याचं, सापाचं, लेकराचं, ज्याचं असेल त्या जन्माला जीव गेला. माझ्या म्हाताऱ्या चुलतीनं पाटी उचलली. पीठ हातानं सारखं केलं होतं तसंच होतं. मुंगीसुद्धा त्यावरून गेली नव्हती.

"कुठंच गेली न्हाई रे ही," चुलती म्हणाली. "हितंच हाय."

आम्ही राख सावडायला नदीवर गेलो. भावकीतले दहा-बारा जण, आणि माझी थोरली मुलगी. बायकांनी येऊ नये म्हणून लोक कुरकुरले, पण ती म्हणाली, "माझी आई हाय," आणि चालू लागली. हट्ट तिनं माझाच घेतलाय.

राखेवर दूध-पाणी शिंपडलं. मी हातानं राख बाजूला करत अस्थी वेचायला लागलो. डोक्याकडून खाली. कमरेपाशी आलो तर बोटाला काहीतरी टोचलं. काढलं. केसाएवढी बारीक तार, मळसूत्रासारखे वेढे घातलेली, बोटाच्या पेराएवढी. काळी पडलेली. अंगठ्यानं घासली तर लाल झाली. तांबं. माझ्या सरणात मी तांबं घातलं नव्हतं. लाकूड माझं, गोवऱ्या माझ्या, अंगावरचा मणी न् मणी मी उतरवला होता. ही तार तिच्या आत होती.

"करनी," माझ्या मागून एकजण म्हणाला. "पोटात तार गुंडाळून घातली. म्हणून पोरगा न्हाई झाला."

"आता सापडली ना! आता सोडायचं न्हाई तिला."

आणि मी, हातात तार धरून, सगळ्यांत आधी उठलो. खोटं कशाला लिहू. बारा वर्षं मी बोलत होतो त्याचा पुरावा माझ्या तळहातावर होता. एकानं वाटेतलं बाभळीचं लाकूड उचललं, दुसऱ्यानं दगड. दोन वर्षांमागं शेजारच्या गावात एका म्हातारीला असंच घराबाहेर ओढलं होतं, ती पुढं चालू शकली नाही. हे मला ठाऊक होतं आणि मी पुढं चाललो होतो.

मुलगी पळत आली आणि माझ्या बरोबरीनं चालायला लागली. माझ्या कानाला तोंड लावून, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"बाबा, ती तांबी हाय."

"काय?"

"लेकरू होऊ नये म्हणून बसवतेत ती. आईनं नर्सबाईकडून बसवून घेतली होती. माझी धाकटी बहीण झाली त्याच वर्षी. ऑपरेशन केलं तर टाके दिसले असते तुमाला, हिचं काई दिसत न्हाई. काकू संगं गेली होती. मधी बदलून आणली तवाबी काकूच होती."

"तुला काय ठाव?"

"मलाबी हाय ती. आईनंच नेलं होतं." मग म्हणाली, "गावातल्या निम्म्या बायकांना ठाव हाय, बाबा. आता तुमी बघा काय करायचं ते."

आणि ती मागं राहिली. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी चालत होती. नदीपासून वैनीच्या दारापर्यंत पाच मिनिटांची वाट असेल. तेवढ्यात मला सगळं ऐकू आलं, हलगी, तो आवाज. दार आतून लावलंय. ते भूत नव्हतं. माझी बायको होती, आणि मला तोंडावर सांगायला तिला दुसऱ्या कोणाचा तरी आवाज घ्यावा लागला होता. चौथ्याला ती मेली असती. मी म्हणलो होतो, मेली तर माझी मरेल. आणि वैनी बारा वर्षं चेटकीण म्हणवून घेत राहिली, पण बोलली नाही.

वैनी दारात उभी होती. गलका तिला लांबूनच ऐकू आला असणार, पण तिनं कडी लावली नव्हती. केस पांढरे झाले होते. भिंत घातल्यापासून मी तिला समोरून बघितलंच नव्हतं.

"हे काय हाय?" लाकूडवाला ओरडला आणि माझा हात धरून तिच्यापुढं केला. "वळख!"

तिनं तारेकडं बघितलं. तिला ओळखू आली, मला तिच्या डोळ्यांत दिसलं. तोंड उघडलं असतं तर सुटली असती. तिनं ओठ मिटून घेतले. मेलेल्या बाईचं गुपित ती अजून राखून राहिली होती, आणि लाकूड तिच्या डोक्यापासून हातभर लांब होतं.

"लाकूड खाली कर," मी म्हणलो. "ती तार माझी हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मीच बसवून आणली होती नर्सबाईकडून. चौथं हिला झेपलं नसतं. ह्या बाईचा काई संबंध न्हाई. करनी न्हाई, काई न्हाई. दवाखान्याची चीज हाय."

"तुमी?" एक म्हातारा म्हणाला. "तुमी तर जीप गावात येऊ देत नव्हते."

"माझ्या बायकोसाठी मी काय केलं ते तुला इचारून करू का?"

"मग हिला चेटकीन काहून म्हणत होते? ही भिंत काहून घातली?"

"माझी भिंत, माझी मर्जी. चला, निघा. अस्थी तिकडं उघड्यावर पडल्यात."

कोणीतरी थुंकलं. कोणी म्हणालं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पण लाकूड खाली आलं आणि माणसं पांगली. त्या दिवसापासून गावात मला लबाड म्हणतात, बारा वर्षं गावाला मूर्ख बनवणारा. ते म्हणू देत. खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, ह्याच्या बायकोनं ह्याला बनवलं. तेवढं माझ्यानं झालं नाही. वैनीला वाचवताना पण मी माझीच मिशी सांभाळली, हे मला कळत होतं. तिलाही कळलं. ती आत गेली.

अस्थी नदीत सोडल्या. तार सोडली नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवली.

तेरावा झाला, मुली आपापल्या घरी गेल्या. मग एका दुपारी मी हळदीच्या खोलीत पडलो होतो आणि मला परत बोलणं ऐकू आलं. तोच खालून येणारा आवाज. या वेळी एकच होता. थोडं बोलायचा, मग थांबायचा, कोणी उत्तर देत असल्यासारखा, मग परत बोलायचा.

"न्हाई, जेवले म्या. सकाळचीच भाकर होती." थांबला. "व्हय, त्येनं पत्र धाडलं. दिवाळीला येतो म्हणलाय."

मी उठलो. आवाजामागं गेलो तो जात्यापाशी. वाकलो. जात्यामागं, जमिनीपासून वीतभर, माझ्या भिंतीत मुठीएवढं भोक होतं. दगड काढून घेतलेला, शेजारीच ठेवलेला, घासून गुळगुळीत झालेला, रोज काढायचा आणि रोज बसवायचा. माझ्या हातची भिंत, जिला मी कोणाला बोट लावू दिलं नाही. भिंत दोन्हीकडून पाठ टेकून काळी-तेलकट झाली असणार. आमच्या बाजूला तरी झाली होती, एका बाईच्या पाठीएवढी.

मी जात्यापाशी खाली बसलो आणि त्या डागाला पाठ लावली. ऊन अंगणात सरळ पडलं होतं. भिंत थंड असायला पाहिजे होती. ती कोमट होती.

"वैनी," मी म्हणलो. "म्या खोटं सांगितलं लोकांला. तार माझी नव्हती. मला काईच ठाव नव्हतं. तिनं तुमाला बोलवा म्हणलं होतं शेवटाला, म्या बोलवलं न्हाई."

मी खिशातून तार काढली आणि त्या भोकात ठेवली. मग वैनीचा आवाज आला, अगदी जवळून, पाठीला पाठ लावून बसलेल्या माणसाचा यावा तसा. रागाचा नव्हता. घरातल्या माणसाला सांगावं तसा होता.

"भाऊजी, जरा सरका. तिची जागा हाय ती."

मी सरकलो.